वीणेचा घट्टा

राम कृष्ण हरी, मित्रांनो! रोडपाली गावठाणातल्या देवळात, गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला, भगव्या गवसणीत खुंटीला टांगलेली जी जुनी वीणा दिसते ना, ती मी. आजूबाजूला सेक्टर झाले, इमारतींच्या डोक्यावर इमारती चढल्या. पण सांजेला टाळ वाजला की माणसं अजून चपला काढून आत येतात, आधी मला हात जोडतात आणि मग देवाकडे वळतात. लाकडाला एवढा मान मिळतो तो हरिनामाच्या संगतीमुळे. माझं स्वतःचं त्यात काही नाही.

माझा जन्म मिरजेचा. भोपळा कुठल्याशा मळ्यातल्या वेलावरचा, दांडी तुणीच्या लाकडाची. कारागिराने भोपळा वर्षभर वाळवला, आत कीड नाही ना हे टिचकी मारून ऐकलं, खुंट्या बसवल्या आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी इतकी घासली की तारेला बोट लागताच आपोआप डोळे मिटावेत. जगनच्या बापाने मला इथे आणलं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हा गावाच्या खालच्या अंगाला मिठागरं होती. दिवसभर खाऱ्या पाण्यात राबून भेगाळलेल्या टाचा कीर्तनात कशा थिरकतात, हे मी जवळून पाहिलं आहे. कीर्तनकाराने अभंगाचं चरण उलगडावं, मागून मृदंगाने त्याला उचलून धरावं आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहावं! आणखी काय हवं सांगा बरं?

माझं खरं काम माघातल्या सप्ताहात. सात दिवस मी जमिनीला टेकत नाही. गावातले पुरुष दोन-दोन तासांचा पहारा वाटून घेतात. ज्याचा पहारा असेल त्याने मला गळ्यात घ्यायचं, तार छेडत नाम घेत उभं राहायचं. नावांची यादी खडूने फळ्यावर लिहिलेली असते.

गळ्यात घेतलं की माझा पट्टा खांद्यावरून जातो आणि दांडी डाव्या छातीला रेलते. म्हणून या गावातल्या एकेका माणसाचं काळीज मला पाठ आहे. हिराजीबुवा आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख, त्यांचं काळीज बैलगाडीसारखं संथ. मृदंग वाजवणाऱ्या प्रणितचं काळीज द्रुत लयीतलं, आणि त्याच्या खिशातला फोन मध्येच थरथरला की माझ्या तारासुद्धा दचकतात. सगळ्यांत ओळखीचं काळीज जगनचं. बाप गेल्यावर मंडळाने मला त्याच्या हवाली केलं. साठी उलटलेला, बोलायला कमी, हसायला भरपूर. वर्षातले कितीतरी दिवस मी त्याच्याच छातीशी असते.

आता घट्ट्याची गोष्ट सांगते. वर्षानुवर्षं वीणा घेणाऱ्याच्या खांद्यावर पट्ट्याच्या जागी कातडी जाड होते. आमच्याकडे त्याला वीणेचा घट्टा म्हणतात आणि त्याचं फार कौतुक. जुनी माणसं सदरा सारून तो नातवंडांना दाखवायची. जगनच्या खांद्यावरही तो होता.

गेल्या वर्षी एका एकादशीच्या भजनात माझी दांडी जगनच्या छातीला टेकली आणि मला काहीतरी टोचलं. छातीवरच्या बोंडाच्या मागे, तुरीच्या दाण्याएवढं, टणक. मी इकडे रेलले, तिकडे रेलले. ते जागचं हललं नाही. मिरजेच्या त्या कारागिराचे हात आठवले. भोपळ्यात असा खडा लागला असता तर त्याने काम तिथेच थांबवलं असतं. पण मी पडले वाद्य. सूर काढू शकते, निरोप देऊ शकत नाही.

जगनलाही तो दाणा लागला होता. पुढच्या भजनाला त्याने सदऱ्याची बटणं काढून हिराजीबुवांना दाखवलं.

"बुवा, बघा. खांद्याला व्हताच, आता छातीलाबी आला."

बुवांनी बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा रे माउली! तुझ्या बापाला नुसता खांद्याला व्हता. तू तर त्याच्याबी म्होरं गेलास."

प्रणित मृदंगाला कणीक लावत बसला होता. तो म्हणाला, "दादा, पुढच्या साली कपालाला येईल. मंग गंध लावायला जागा उरायची नाय."

सगळे खो खो हसले. जगनही हसला आणि त्याने अभिमानाने बटणं लावली. मित्रांनो, माझ्या नावाने होणारं कौतुक मला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसं झालं.

पाच-सहा महिने असेच गेले. दाणा तुरीचा होता, तो वाटाण्याएवढा झाला. दुखत नव्हता, ठणकत नव्हता. मग भाद्रपदात एका गावचा काल्याचा प्रसाद घेऊन मंडळी टेम्पोतून परतत होती. पळस्पे फाट्यावर, गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, पुढच्या ट्रेलरने अचानक ब्रेक मारला. मी जगनच्या मांडीवरून निसटले आणि टेम्पोच्या लोखंडी फाळक्यावर आदळले. भोपळ्याला वीतभर चीर गेली. जगन लहान मुलासारखा रडला. मला मिरजेला पाठवलं गेलं आणि अडीच-तीन महिने मी तिथल्या फळीवर पडून राहिले.

त्या महिन्यांत इकडे जे घडलं ते मी पाहिलं नाही. परत आल्यावर जगनने मला सांगितलं. दुपारी देऊळ रिकामं असतं, तेव्हा तो माझ्या तारा पुसायला येतो आणि पुसता पुसता बोलतो. माणसाला सांगायची लाज वाटते ते तो मला सांगतो.

झालं असं. कार्तिकातल्या एका रविवारी त्याची बायको भामा त्याच्या पाठीला तेल चोळत होती. चोळता चोळता तिचा हात खांद्यावर थांबला.

"आवो, घट्टा गेला की! निस्ती मऊ कातडी झाली."

"वीना दोन महिने गावात नाय. जानारच."

भामाने हात पुढे नेला. "मंग छातीचा कशाला ऱ्हायला?"

जगनने सदऱ्याकडे हात नेला.

"ऱ्हायला नाय, वाढलाय. आनि ह्ये बोंड बघा, आत वढलंय. आधी असं नव्हतं. वीनेचा घट्टा आसता तर वीनेसंगं गेला आसता."

"दुखत नाय ना! तू उगाच कशाला..."

"गुनाबायलाबी दुखत नव्हतं," भामा म्हणाली.

गुणाबाई म्हणजे जगनची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी गेली. कशाने गेली हे घरात कुणी नीट उच्चारलं नाही. छातीचं दुखणं, एवढंच. जगन म्हणाला, "अगं, तो बायकांचा आजार. मी काय बाई हाय?" पण सांगताना त्याचा आवाज खाली आला होता.

त्यांची मुलगी स्नेहल कळंबोलीत बँकेत आहे. तिने आईचं ऐकलं आणि तिथल्या तिथे फोनवर अपॉइंटमेंट घेतली. "बाबा, प्लीज. डॉक्टर घट्टा म्हणाले तर मी स्वतः तुमच्या मंडळाला पेढे वाटीन. पण त्यांना म्हणू दे."

पनवेलच्या त्या इस्पितळात काउंटरवरच्या मुलीने कागद बघितला आणि भामाकडे पाहून म्हणाली, "या आजी, पेशंट तुम्हीच ना? आत चला."

"पेशंट ह्येच," भामाने जगनकडे बोट दाखवलं.

ती मुलगी ओशाळली. बाकावरच्या चार बायकांनी माना वळवल्या. जगनला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तो उठून दाराकडे निघालाही होता. भामाने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं, बाजारात म्हशीचं दावं धरावं तसं. हे सांगताना जगनला हसू आलं. तेव्हा आलं नव्हतं.

डॉक्टरांचं नाव केरेन. पनवेलच्या जुन्या ज्यू घराण्यातल्या, बोलणं आपल्यासारखंच मराठी. त्यांनी तपासलं, काख चाचपली, मग विचारलं, "काका, किती दिवसांपासून आहे?"

"आठ-नऊ महिने झाले."

"मग इतके दिवस का नाही आलात?"

जगनने मान खाली घालून वीणेचं आणि घट्ट्याचं सगळं सांगितलं. त्याला वाटलं, आता या बाई हसणार. त्या हसल्या नाहीत.

"माझे आजोबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "आमच्या समाजातसुद्धा मराठीतून कीर्तनं व्हायची. अब्राहामाचं आख्यान, मोशेचं आख्यान. पेटी, टाळ, सगळं."

जगनचे डोळे मोठे झाले. "मंग तुमी आमच्यातल्याच म्हना की!"

"म्हणूनच कीर्तनकारासारखं स्पष्ट सांगते. पुरुषालाही छातीत थोडा स्तनाचा भाग असतो. जिथे तो आहे तिथे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एखादा पुरुष असतो, पण असतो. तुम्हाला तोच आहे असं मी आत्ता म्हणत नाही. आधी बघू. घरात कुणाला होता?"

भामा चटकन म्हणाली, "ह्यांच्या भैनीला. गुनाबायला." अकरा वर्षांनी ते नाव त्या दुखण्याच्या शेजारी बसलं.

मग मॅमोग्राफी झाली. ती पुरुषाचीही करतात, मित्रांनो. यंत्राला बाई आणि बाप्या सारखेच. सोनोग्राफी झाली. जागा बधिर करून सुईने गाठीचा बारीक तुकडा घेतला. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सरच होता.

"पण लवकर सापडलाय," डॉक्टर केरेन म्हणाल्या. "गाठ दीड सेंटिमीटरची आहे, काखेत पसरलेला दिसत नाही. आता वेळ घालवला नाही तर बरं होण्याची आशा चांगली आहे."

जगनने पहिला प्रश्न विचारला तो माझ्याविषयी. "वीनेमुले झाला काय?"

"नाही हो. वीणेच्या घासण्याने कॅन्सर होत नाही. तिला बोल लावू नका."

हे ऐकलं तेव्हा, मित्रांनो, माझ्या जुन्या भोपळ्यात जणू वारा खेळला. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला खुनी समजत होते.

जगनने दुसरा प्रश्न केला, "सप्ता झाल्यावर ऑपरेशन केलं तर? माघाला दोनच महिने ऱ्हायलेत."

"सप्त्याला तुमी पायजे का तुमचा हार घातलेला फोटू?" भामाने विचारलं.

ऑपरेशन मार्गशीर्षात झालं. पुरुषाच्या छातीत तो भाग इतकासाच असतो की बहुतेक वेळा सगळाच काढतात. तसा बोंडासकट काढला. कॅन्सर काखेकडे निघाला असेल तर काखेतल्या कोणत्या रसग्रंथींत आधी जाईल, हे ओळखायला निळा रंग टोचतात. त्या ग्रंथी काढून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. दुसऱ्या दिवशी जगन न्हाणीघरातून घाबऱ्या घाबऱ्या ओरडला, "भामे, लघवी निळी झाली!"

"देव निळाच आसतोय," भामा बाहेरून म्हणाली. "जय जय करा आनि या भायेर."

तो रंग दोन दिवसांत गेला. गाठ लहान, काख स्वच्छ आणि कॅन्सरची जात शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी. म्हणून सलाइनमधून द्यायची जहाल औषधं आणि किरणांचा शेक यांची जगनला गरज नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी तेवढी दिली. रोज एक, पाच वर्षं, एक दिवस न चुकवता. पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर लगेच यायचं, हेही बजावलं. वारशाने येणारा दोष आहे का हे पाहायला रक्त घेतलं, तो निघाला नाही. तरी स्नेहलने आपली तपासणी करून घेतली आणि आईलाही नेलं.

गोळीने जगनच्या अंगातून मधूनच गरम वाफा निघायच्या. ऐन थंडीत तो पंखा लावून बसायचा. भामा पदर तोंडाला लावून हसायची. "आता कललं? माझ्या अंगातून निघायच्या तवा तुमी म्हनायचे, ढोंग करते."

"चुकलो गं बाय," जगन म्हणायचा.

इतकं सगळं झालं, पण गावाला काय सांगितलं? हर्निया! जगनने भामाला आणि स्नेहलला शपथ घातली होती. कॅन्सर म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. छातीचा म्हटलं की प्रणितची जीभ आणि गावाचं हसू त्याच्या डोळ्यांपुढे यायचं. मीही गावाबरोबर तो हर्निया ऐकत होते आणि खुंटीवर लटकल्या लटकल्या झुरत होते.

माघ आला. सप्ताह बसला. पाचव्या दिवशी सकाळी सहा ते आठ जगनचा पहारा होता. हलकं काम करायला डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, पण डावीकडे भार नको म्हणून बजावलं होतं. जगनने मला उजव्या खांद्यावर घेतलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या अंगाचा स्पर्श झाला, पण डावीकडचं ते ओळखीचं काळीज मला लांबून ऐकू येत होतं. अर्धा-पाऊण तास ठीक गेला. मग मला सावरणारा डावा हात जड झाला. त्याने तो काखेशी घट्ट धरला. सूर हलला.

प्रणित पायरीवर चहा पीत होता. "दादा, हर्निया पोटात आसतोय ना? मंग हात कशाला धरलाय?"

दोघे-तिघे हसले. हिराजीबुवा पुढे झाले. "दे रे माउली, उरलेला पहारा मी करतो."

जगनने मला दिलं नाही. त्याचा श्वास मला जाणवत होता. कीर्तनकार मोठी तान घेण्याआधी घेतो तसा. सूर थांबू नये म्हणून उजव्या हाताचं बोट तारेवर तसंच फिरवत ठेवून तो बोलला.

"हर्निया नाय, बुवा. मी खोटं बोललो. तुमी बोट लावून बघितला तो घट्टा नव्हता. छातीचा कॅन्सर व्हता. बायकांना व्हतो तोच. गुनाबाय त्यानंच गेली. माझा वेलेवर सापडला, काढला, मी जगलो."

देवळात फक्त माझी तार बोलत होती. प्रणितने कप खाली ठेवला. हिराजीबुवा स्वतःच्या त्या बोटाकडे बघत राहिले.

"आनि आजचा उरलेला पहारा भामा करंल," जगन म्हणाला.

बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. हिराजीबुवा भानावर आले. "जगन, या देवलात बाईनं पहारा कदी केला नाय रे."

"बाप्याला ह्यो आजार व्हतो, ह्येबी आपन कदी ऐकलं नव्हतं. दुखनं माझ्या दारी आलं, तवा त्यानं बाई हाय का बाप्या हाय, इचारलं नाय. मंग नाम घेनारा बाप्या हाय का बाई, ह्ये देव इचारंल व्हय? घट्टा नाय म्हनून तिनं वलखलं, बुवा. आपन सगल्यांनी मिलून त्याला हार घालायचा बाकी ठेवला व्हता."

हिराजीबुवांनी गाभाऱ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. शेवटी टाळ उचलले आणि म्हणाले, "पहारा मोडता कामा नये. ये गं भामा."

आता इथे एक रीत आहे. वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. त्यात वय नाही, नातं नाही; सासरा जावयाच्या पाया पडताना मी पाहिला आहे. भामा पदर खोचून पुढे आली, तिने मला गळ्यात घेतलं, आणि जगन तिच्या पायांशी वाकला.

"आवो, काय करताय! समदं गाव बघतंय," भामा पुटपुटली.

"बघू दे," जगन म्हणाला. रिवाजाला जेवढं वाकायचं त्याहून तो बराच वेळ वाकलेला होता. उठला तेव्हा भामाच्या पायांवर ओल होती. मग तीही वाकली, मला सांभाळत, आणि उभी राहून तिने तारेला बोट लावलं. पहिला सूर जरा जोरातच निघाला. तिच्या काळजाची लय मला नवीन होती. प्रणित मुकाट्याने मृदंगाला बसला आणि त्याने ती लय उचलली.

आठ वाजता पहारा बदलला. पुढचा पहारेकरी भामाच्या पाया पडून मला घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या खांद्यावरून मला मंडपातलं दिसलं. हिराजीबुवा खांबाआड उभे होते आणि त्यांचा हात बंडीच्या आत गेलेला होता. पलीकडे आणखी एकाचा. प्रणित मृदंग बाजूला सारून, कुणी बघत नाही असं समजून, आपली छाती चाचपत होता.

"बुवा, नीट बघा," भामा बायकांच्या बाजूने म्हणाली, "काखेतबी बघायचं आसतंय."

असं हसू त्या देवळात मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यात चेष्टा नव्हती. जगन सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

मित्रांनो, दर सप्ताहाआधी मला पुसतात, तारा बदलतात, टिचकी मारून भोपळा ऐकतात. मी तर लाकूड. तुमचं शरीर देवाने स्वतः घडवलेलं आहे, त्याची एवढी तरी काळजी घ्या. आंघोळीला साबणाचा हात छातीवरून आणि काखेतून सावकाश फिरवा. गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून पाणी किंवा रक्त आलं, कातडीला खळी पडली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका आणि बाप्या आहे म्हणून लाजू नका. प्रत्येक गाठ वाईट नसते. पण ती कोणती, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही लहान असाल तर हे घरी बाबांना, आजोबांना सांगा. ते हसतील. हसू द्या, पुन्हा सांगा.

आणि सण आहे, सप्ताह आहे, मग जाऊ, असं कुणी म्हणालं, तर माझं नाव सांगून कळवा: आधी दवाखान्यात जाऊन या, मग देवळात या. देव कुठे जात नाही.